पुढच्याचा कान

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ही वही ब्योर्गने दिली. म्हणाली, "योरुन, तुझी चिडचिड यात लिहीत जा. गेली अकरा वर्षं ती मी ऐकते आहे, आता कागदाला ऐकू दे." आमच्या कार्यशाळेत आम्ही दोघीच. हिशेब, टपाल, तारा जोडणं आणि शुक्रवारी तव्यावर गोड वाफल भाजणं हे तिचं खातं. सेन्सर आणि शिव्या हे माझं. तेव्हा तिचं बरोबर आहे.

आज 'हाव्दीस'चं काम संपलं. जिवंत सामन मासे पोटात घेऊन फिरणारं नवं कोरं जहाज. ते सरळ उभं राहावं म्हणून त्याच्या तळाशी बारा टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, सहा डावीकडे, सहा उजवीकडे. कोणत्या टाकीत पाणी किती, ते आमचे सेन्सर सांगणार. टाकीच्या बुडाशी बसायचं आणि डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. बाराही मी माझ्या हातांनी बसवले. गुडघे सोलले आहेत, पण मन खूश आहे.

रात्रीच्या जेवणाला खाली बाबांकडे गेले. त्यांचं घर आणि माझं घर यांत फक्त बटाट्यांचा वाफा आहे. बाबांनी, म्हणजे एलिंग यांनी, ही कार्यशाळा सुरू केली आणि एक्केचाळीस वर्षं चालवली. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, किल्ली काढून घ्यायला मला पोलीस आणावे लागतील.

मी नको ते बोलून बसले. गेल्या महिन्यात एका जुन्या फेरीबोटीवर आमच्या एका सेन्सरच्या श्वासनळीत खारं पाणी गेलं आणि तो मेला, त्याबद्दल. सेन्सरच्या केबलमधून केसासारखी एक पोकळ नळी वर येते, डेकजवळच्या डबीत, हवा जाईल अशा टोपीखाली, उघडी राहते. बाहेरच्या हवेचा दाब किती ते त्याला त्या नळीतून कळतं, म्हणजे पाण्याचा दाब तेवढा वेगळा काढता येतो. बाबा त्या नळीला नाक म्हणतात. त्यांच्या सुरुवातीच्या काळातले सेन्सर बंद तोंडाचे होते, त्यांना नाक नव्हतं.

"नाक उघडं ठेवलं तर सर्दी होणारच," बाबा म्हणाले.

"उघडं ठेवावंच लागतं, बाबा. पण या बारांपैकी एकात जरी पाणी गेलं ना, तर मी दुकान बंद करून सामन सोलायला जाईन."

बाबांनी माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. "तू नको काळजी करू. मी बघतो."

काय बघणार कोण जाणे. पण 'मी बघतो' म्हटलं की मला आजही सात वर्षांची असल्यासारखं बरं वाटतं.

२ ऑक्टोबर

आरोग्य केंद्राचं पत्र आलंय. सोळा तारखेला बाबांना स्मरणशक्तीच्या तपासणीला घेऊन या म्हणे. गेल्या वेळी नर्स घरी आली तेव्हा बाबांनी तिला तीनदा कॉफी विचारली, त्याचा हा परिणाम. आता पाहुण्याला तीनदा कॉफी विचारणं हा आजार असेल तर या बेटावरचे सगळे आजारी आहेत. सोळाला 'हाव्दीस'च्या पहिल्या फेरीचे आकडे यायचेत. मी फोन करून तारीख पुढे ढकलली. पत्र बाबांच्या दाराजवळच्या बॅरोमीटरखालच्या खिळ्याला अडकवलं, त्यावर विजेचं बिल.

सकाळी कामावर जाताना बाबांनी खिडकीतून डब्याचं पुडकं दिलं. ब्रेड आणि तपकिरी चीज, कागदात गुंडाळून वर चिकटपट्टी. पट्टीचं शेवटचं टोक त्यांनी नेहमीसारखं आत दुमडलेलं, म्हणजे धरून ओढायला सोपं. बाबा त्याला 'पुढच्याचा कान' म्हणतात. लहानपणी मी पट्टी सपाट चिकटवली की ते ती नखाने खरवडून काढायला लावायचे. "आपण बांधलेलं कुणीतरी सोडवणार असतं, योरुन. तो थंडीत असेल, त्याची बोटं बधिर झालेली असतील. त्याच्यासाठी कान ठेवायचा." नाताळच्या भेटवस्तूंनासुद्धा आमच्या घरी कान असतात. आमच्या कार्यशाळेचं काम किनाऱ्यावरचे इंजिनीअर त्या कानावरून ओळखायचे. मी हल्ली तयार क्लिपा वापरते, कान ठेवायची वेळच येत नाही.

पुडक्यात दोन वेळचं जेवण होतं, दोन्ही मलाच. दुसरं कुणासाठी विचारलं तर बाबा म्हणाले, "भूक लागते माणसाला."

८ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी बाबा घरी नव्हते. मी वाफ्यात, सरपणाच्या खोपटात, खाली धक्क्यावर, सगळीकडे हाका मारल्या. तीन वाजता आले. बूट ओले, गाल लाल, आणि मूठभर चांदी सापडल्यासारखा चेहरा. कुठे गेला होता विचारलं तर "कामाला."

संध्याकाळी हालवोरचा फोन. हालवोर 'हाव्दीस'चा मुख्य इंजिनीअर; शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझी वेणी खुर्चीला बांधायचा. रंगकाम चालू होतं म्हणून जहाज आठवडाभर इथल्याच गोदीत होतं. म्हणाला, "तुझे बाबा येऊन गेले. बराच वेळ डावीकडच्या बोळात रमले होते. मी कॉफीला हाक मारली, तर कॉफी घेतली आणि 'बाकीचं उद्या' म्हणून गेले. बाकीचं काय गं?"

"बाबांचं बाकीचं काय असणार? गप्पा."

"मग उद्या राहिल्याच. आम्ही पहाटे निघतोय."

बरं झालं, बाबांचा वेळ चांगला गेला. जहाजांचं जुनं वेड सुटत नाही माणसाचं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कसली सुट्टी आणि कसलं काय. हालवोरचा फोन, आणि या वेळी थट्टा नाही.

"योरुन, माझं जहाज सरळ आहे आणि तुझे आकडे वाकडे आहेत."

तीन दिवस समुद्र खवळलेला. स्क्रीनवर डावीकडच्या सहाही टाक्यांत पाणी कमी दिसायला लागलं, उजवीकडच्या ठीक. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे डावीकडे पाणी भरलं. स्क्रीनवर जहाज एकदम सरळ. हालवोर तेव्हा खाली कॉफी पीत होता. त्याने कपात पाहिलं तर कॉफी एका कडेला चढलेली. तो धावत वर गेला आणि त्याने पंप बंद करवला.

"कपाने वाचवलं," तो म्हणाला. "पण मी जहाजाच्या मालकांना असं सांगू शकत नाही की बारा सेन्सर काढा आणि बारा कप लावा."

मी हसले नाही. पोटात मासे, वर माणसं, आणि माझ्या आकड्यांवर विसंबून जहाज कलंडायला निघालेलं.

२२ ऑक्टोबर

त्याच खेपेतले उरलेले दोन सेन्सर टेबलावर घेतले. दट्ट्यावर वजनं ठेवून दाब दिला, पाच वेळा चढता, पाच वेळा उतरता. केसाचाही फरक नाही. सेन्सर शहाणे आहेत. मग चूक कुठे?

हालवोरला फोन करून पहिलाच प्रश्न विचारला, नाकं मोकळी आहेत का? तो डबीडबीजवळ जाऊन पाहून आला. "स्वच्छ आहेत. टोप्या जागच्या जागी, छान घट्ट." म्हणजे ते नाही.

सहाच का? आणि डावीकडचेच का?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

वाफल होते, मी खाल्ला नाही. ब्योर्गने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

जहाजाच्या मालकांचं पत्र आलं, सभ्य आणि थंडगार. वीस नोव्हेंबरपर्यंत दोषाचं कारण लेखी कळवा. नाहीतर बाराही सेन्सर काढून टाकू आणि पुढच्या दोन जहाजांचं काम दुसरीकडे देऊ. ती दोन जहाजं गेली तर कार्यशाळा गेली, यात गणित करण्यासारखं काही नाही. बाबांच्या एक्केचाळीस वर्षांत एकही सेन्सर कुणी परत पाठवला नव्हता. माझ्या हातात किल्ली येऊन वर्ष झालं, आणि एकदम बारा.

२९ ऑक्टोबर

इथे खरं लिहिते. मला वाटतं चूक माझी आहे. डावीकडची केबल मी शेवटच्या दिवशी बसवली, दमलेली होते. आवळताना पाना जास्त फिरला असेल आणि आतली नळी चेपली असेल. सहाही? असेल. दमलेला हात सहा वेळा तीच चूक करू शकतो.

बाबांनी जेवताना विचारलं, "जहाज कसं आहे? नाकं कोरडी आहेत ना?"

हा प्रश्न त्यांनी या आठवड्यात चौथ्यांदा विचारला. मी ओरडले. "कोरडी आहेत, बाबा! नाकं कोरडी आहेत आणि मी बुडते आहे! पुन्हा पुन्हा तेच काय विचारता!"

ते उठून दाराजवळच्या बोळात गेले आणि बॅरोमीटरच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. पणजोबांचं यंत्र आहे ते, पितळी, बाबा रोज दोनदा ठोठावतात आणि आकडा पंचांगाच्या छोट्या वहीत लिहितात. मग परत येऊन माझ्यासमोर लापशीचा वाडगा ठेवला, लोण्याचा डोळा मधोमध.

मी मेले तरी चालेल, पण पुन्हा त्यांच्यावर ओरडायची नाही. असं मी मागच्या मंगळवारीही ठरवलं होतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं.

वादळ आहे. छपराचे पत्रे कुरकुरताहेत. बाबांकडे गेले, बोळात बसून बूट काढत होते. हातात हालवोरने पाठवलेला आकड्यांचा कागद. तो कधीच फारसा लिहीत नाही, पण या वेळी दर चार तासांचे आकडे सुवाच्य अक्षरात, आणि खाली 'तू जेवतेस ना?' इंजिनीअर लोकांना काय काय नोंदवायची सवय असते.

बाबा आले, काच ठोठावली. "नऊशे अठ्ठ्याहत्तर. बाप रे. काल सकाळी हजार दोन होता."

माझ्या कागदावर काल सकाळी डावीकडच्या टाक्यांत, हाताने मोजलेल्यापेक्षा, एकोणीस सेंटिमीटर कमी. आज त्रेचाळीस. दोन्हींमधला फरक चोवीस. आणि बाबांच्या दोन आकड्यांतला फरक किती? चोवीस!

हवेचा दाब एक मिलिबार उतरला म्हणजे पाण्याचा एक सेंटिमीटर. पोरांना शिकवतात हे. मी बाबांची वही मागितली आणि तिथेच जमिनीवर, एका पायात बूट, दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. दिवसामागून दिवस जुळत गेला. माझे सहा सेन्सर पाणी मोजताहेतच, पण त्यात हवामान मिसळून सांगताहेत. त्यांची नाकं बंद आहेत. आत कोंडलेल्या जुन्या हवेवरून ते जग मोजताहेत.

"बाबा, तुमच्या वहीने वाचवलं मला!" मी त्यांना मिठी मारली. ते एवढे खूश झाले की त्यांनी काच पुन्हा ठोठावली.

आणखी एक. ज्या दाबाला चूक शून्य होते, तो आकडा हजार एकवीस. म्हणजे ज्या दिवशी नाकं बंद झाली, त्या दिवशी बाहेर हजार एकवीस होता. सेन्सर बसवल्यापासून वहीत असा दिवस एकच. ८ ऑक्टोबर. बाबांची नोंद: 'हजार एकवीस. वारा नाही. योरुनचं काम केलं.' लाकडं फोडून दिली असतील, बिचारे. मी आभारही मानले नाहीत.

८ ऑक्टोबरला जहाज गोदीत होतं आणि रंगारी डेकवर होते. आता कळलं! रंग मारताना नाकांत रंग गेला, आणि वरून टोप्या लावून मोकळे झाले.

६ नोव्हेंबर

गोदीच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिलं. दीड पान. 'निष्काळजीपणा' हा शब्द चार वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी जागेवर आहे. त्या दिवशीच्या रंगाऱ्यांची नावं मागितली आहेत, आणि ज्याने हे केलं त्याला जहाजावर पुन्हा पाय ठेवू देऊ नका, असंही लिहिलं.

ब्योर्गने वाचलं, घडी केली आणि खणात टाकलं. "आधी बघून ये. मग टाकू."

"बघायचं काय त्यात? आकडे बोलताहेत."

"आकडे माणसाचं नाव सांगत नाहीत," ब्योर्ग म्हणाली आणि वाफलचा तवा घासायला गेली.

११ नोव्हेंबर, सोमवार

कसं लिहू.

'हाव्दीस' सकाळी धक्क्याला लागलं. हालवोर शिडीपाशीच उभा होता, दाढी केलेली. मी थेट डावीकडच्या बोळात गेले. पहिली डबी उघडली, टोपी फिरवून काढली. रंगाचा थेंब नव्हता. नाकाच्या छिद्रावर काळी रबरी चिकटपट्टी, दोन फेरे, सुरकुतीसुद्धा नाही. इतकं सुरेख काम कुठला रंगारी करतो, असं मनात आलं आणि मी पट्टीचं टोक शोधायला नख लावलं.

नख लागलंच नाही. गरजच नव्हती. टोक दुमडलेलं होतं.

कान होता.

मी दुसरी डबी उघडली, तिसरी उघडली. सहाही. सहा कान, सगळे एकाच दिशेला, ओढणाऱ्याच्या उजव्या हाताला येतील असे. मी त्या बोळात खाली बसले. 'मी बघतो.' 'कामाला.' 'बाकीचं उद्या.' 'योरुनचं काम केलं.' 'नाकं कोरडी आहेत ना?' मला सगळं सांगत होता हा माणूस, रोज सांगत होता, आणि मी वहीत लिहून ठेवत होते, आणि वाचत नव्हते.

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसून सहा डब्यांपर्यंत सरपटत गेला, कारण मी म्हटलं होतं की पाणी गेलं तर दुकान बंद करीन. ज्याने मला शिकवलं की सेन्सरला श्वास लागतो, त्याने. त्यांच्या मनातून मधली वीस वर्षं निघून गेली आहेत आणि ते परत बंद तोंडाच्या सेन्सरांच्या काळात जाऊन राहिले आहेत. ही विसराळूपणाची गोष्ट नाही. तीनदा कॉफी विचारण्याची तर नाहीच. मला हे कळत होतं. नाहीतर मी विजेचं बिल त्या पत्रावर का अडकवलं असतं?

हालवोर येऊन शेजारी बसला. त्याने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावरच्या इंजिनीअरांना तो कान माहीत असतो.

"मी कॉफीला हाक मारली नसती," तो म्हणाला, "तर उजवीकडचेही झाले असते. मग बाराही सारखे चुकले असते. जहाज स्क्रीनवर सरळ दिसलं असतं, आणि कुणाला इतक्यात कळलं नसतं."

"तू माझं सांत्वन करतोयस की काय?"

"प्रयत्न करतोय. जमत नाहीये."

मी पट्ट्या काढल्या नाहीत. का, ते मलाच माहीत नाही. त्याला म्हटलं, गुरुवारपर्यंत राहू देशील? तोपर्यंत डावीकडचं हाताने मोजून घे. जहाज गुरुवारपर्यंत इथेच आहे. तो म्हणाला, राहू दे.

१२ नोव्हेंबर

अहवालाचा फॉर्म समोर आहे. 'दोषाचे कारण.' 'कोणाच्या कृतीमुळे.' 'कोणी शोधले.' तीन रकाने.

रंगाऱ्यांवर ढकलणं सोपं आहे. पत्र तयारच आहे, दीड पान. कुणाला कळणार नाही. हालवोर बोलणार नाही. ते पत्र खणातून काढून चुलीत घातलं. ज्याला ओळखत नाही अशा माणसाच्या नावाने मी चार वेळा 'निष्काळजी' लिहिलं होतं. आणि खरं नाव लिहावं, तर एक्केचाळीस वर्षांत एकही सेन्सर परत न आलेल्या माणसाचं नाव शेवटी या रकान्यात लिहायचं? तेही मी?

ब्योर्गला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "त्यांना घेऊन जा जहाजावर. त्यांचं काम आहे. त्यांनाच सोडवू दे."

"आणि त्यांना कळलं तर? मोडून जातील ते."

"तू त्यांना ओळखतेस की मी?" मग स्वतःच, "बहुतेक मीच."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांनी जुना निळा डगला घातला, छातीवर कार्यशाळेचं नाव असलेला. मी त्यांना एवढंच सांगितलं की डावीकडच्या सहा नाकांना हवा मिळत नाहीये, मदत हवी. "चल," म्हणाले. शिडीवर मी हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही. वर पोचल्यावर मात्र धरून ठेवला.

हालवोरने टोपी काढून त्यांना नमस्कार केला आणि मग कॉफी आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

बोळात मी त्यांच्यासाठी उशी ठेवली होती. ते गुडघ्यांवर बसले. टोपी त्यांनी स्वतः फिरवून काढली. पट्टी दिसली.

"अरेच्चा," बाबा म्हणाले. "कुणी बंद केलं हे? हे उघडं असायला हवं. याला हवा लागते."

"हो, बाबा."

"आतून जग कसं कळणार त्याला?" त्यांनी मान हलवली. मग वाकून जवळून पाहिलं आणि बोट पट्टीवरून हळूच फिरवलं. कान सापडला. त्यांनी तो चिमटीत धरला, पण ओढला नाही.

"कान ठेवलाय," ते म्हणाले.

"हो."

"घाईत केलेलं नाही गं हे. ज्याने केलं त्याने जीव लावून केलंय." त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. त्यांचे डोळे फार निळे आहेत, मी ते विसरले होते. "तू त्याच्यावर रागावली आहेस का?"

"थोडी रागावले होते. तो कोण ते माहीत नव्हतं तेव्हा."

"नको रागवू. चुकला असेल, पण चांगला माणूस असणार."

"फार चांगला आहे, बाबा."

मग त्यांनी कान ओढला. पट्टी एका झटक्यात निघाली, बोटं बधिर असलेल्या माणसालाही निघाली असती. आत फुस्स झालं, अगदी हलकं. एकेक करून सहाही त्यांनीच सोडवले. प्रत्येक पट्टीची त्यांनी नीट घडी केली आणि डगल्याच्या आतल्या खिशात ठेवली. त्यांना कळलं का? मला सांगता येत नाही. विचारणारही नाही.

वर स्क्रीनवर डावीकडचे आकडे उजवीकडच्यांच्या ओळीत येऊन बसले. हालवोर तीन कप घेऊन उभा होता. त्याने एक कप टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघांनी वाकून पाहिलं. कॉफी सरळ होती.

"डोळे का लाल तुझे?" मी हालवोरला विचारलं.

"इंजिनाचा धूर."

जहाज धक्क्याला होतं, इंजिन बंद होतं. मी तसं म्हटलं, तर बाबा हसायला लागले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

फॉर्म भरला, पाठवला. खरं ते लिहिलं. कारण: सहा श्वासनळ्या पट्टीने बंद झाल्या होत्या. कोणाच्या कृतीमुळे: आमच्याच कार्यशाळेच्या माणसाने, पाणी जाऊ नये या काळजीपोटी, जबाबदारी माझी, खाली माझी सही. पुढे असं होऊ नये म्हणून: डब्यांना जाळीच्या नव्या टोप्या, हवा आत आणि पाणी बाहेर, आमच्या खर्चाने. कोणी शोधले: एलिंग, यांच्या हवामानाच्या रोजच्या नोंदींवरून. तेही खरंच आहे. मालकांना पटेल की नाही, ते वीस तारखेनंतर कळेल. काहीही उत्तर आलं तरी मी हाच फॉर्म पाठवला असता.

लिफाफा मी स्वतः बंद केला. पट्टीचं टोक दुमडलं. ब्योर्गने ते टोक बोटाने चाचपलं आणि लिफाफा टपालाच्या पिशवीत टाकला.

हालवोर सध्या सुट्टीवर आहे. काल आमचा बॅरोमीटर बघायला आला होता. दोन तास बसला. यंत्राकडे त्याने एकदाच पाहिलं. येत्या रविवारी पुन्हा बघायला येणार आहे म्हणे; त्याला जुन्या यंत्रांचा एवढा नाद आहे हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी विजेचं बिल खिळ्यावरून काढलं, खालचं पत्र घेतलं आणि आरोग्य केंद्राला फोन केला. बुधवारी दहाची वेळ मिळाली. बाबा शेजारीच होते, काच ठोठावत.

"कुठे जायचंय बुधवारी?"

"तपासणीला. दोघं जाऊ."

"कशाची तपासणी?"

मग त्यांचाच शब्द सापडला. "नाकं मोकळी आहेत का, ते बघून येऊ."

बाबांनी विचार केला. पंचांगाच्या वहीत बुधवारच्या जागी काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. ते स्वयंपाकघरात गेल्यावर मी ती उघडून पाहिली. लिहिलं होतं: 'दहा वाजता. योरुनबरोबर. तिला भीती वाटते आहे. मी बघतो.'